मोडीच्या डब्यातून सुरू झालेलं दुकान: आमची वाटचाल

आमचं नाण्यांचं दुकान आहे म्हणलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, माझ्याकडे वैष्णोदेवीचं पाच रुपयाचं नाणं आहे, किती लाख येतील?" पाच रुपये येतील, असं मी हसून सांगतो. 2012 सालचं ते नाणं, एकदम कोरं असलं तर हौशी माणूस चार पैसे जास्त देईल, बाकी लाख वगैरे सगळं मोबाईलवरच्या व्हिडिओत. अशा फसवणुकीबद्दल 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं होतं की आमच्या नावाने जुन्या नाण्यांवर कोणी फी, कमिशन मागत असेल तर देऊ नका, तरी आठवड्याला कोणीतरी "रजिस्ट्रेशन" भरून आलेला भेटतोच.

असो. दुकान टाकायचं असं काही डोक्यात नव्हतं. नाशिकला सातपूरच्या कंपनीत नोकरी, आणि सुट्टी मिळाली की गाडी रविवार कारंज्याला लावायची आणि पायी सराफ बाजारात शिरायचं, हा नाद. सराफांकडे लोक जुने पैंजण, वाळे, करदोडे मोडीत घालतात ना, त्यातच राणीछाप, राजाछाप असे इंग्रजी अमलातले रुपये यायचे. ते मोडीच्या डब्यात पडायचे आणि डबा भरला की गलाईला जायचे. म्हणजे नाणं वितळायच्या आधी आपण तिथे पोचायचं, एवढंच नाणी जमवणाऱ्या कलेक्टरचं काम. "शेठ, मोडीत रुपये आले का?" एवढं विचारायचं, बाकडं ओढून बसायचं, चहा येईपर्यंत थांबायचं.

एक वयस्कर सराफ होते, त्यांच्याकडे बिस्किटाचा पत्र्याचा डबा असायचा. तो ते काचेवर उपडा करायचे आणि बोटाने दोन ढीग करायचे, चष्मा न लावता. मला वाटायचं राजाचं तोंड बघून करत असतील. तसं नव्हतं, ते साल बघत होते. 1939 पर्यंतचा रुपया म्हणजे 11.66 ग्रॅम, एक तोळा, चांदी जवळपास 92 टक्के. 1940 पासूनच्या रुपयात चांदी निम्मीच, आणि 1947 चा तर निकेलचा, त्यात चांदी औषधालाही नाही. सराफाला भाव वेगळा द्यावा लागतो म्हणून ढीग वेगळे. मी पुस्तकं नंतर वाचली, हे आधी त्या काचेवर शिकलो. नाणं बोटाच्या टोकावर धरून दुसऱ्या नाण्याने हलकं वाजवायचं हेही तिथलंच. ठशाने पाडलेलं नाणं खणखणतं, ओतीव डुप्लिकेट थप्प वाजतं, शिवाय ओतीवाच्या कडेच्या रेघा बुजलेल्या असतात आणि मैदानावर, म्हणजे नाण्याच्या मोकळ्या सपाट भागावर, सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात. दिवाळीच्या आसपास लक्ष्मीपूजनाला म्हणून जे "जुने" राणीछाप विकले जातात त्यातले किती या परीक्षेला टिकतात ते तुम्हीच वाजवून बघा.

त्या डब्यात एकदा 1911 चा रुपया निघाला. पाचव्या जॉर्जच्या अंगरख्यावर जो हत्ती आहे तो त्या वर्षीच्या नाण्यावर डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी ओरड केली, सरकारने बरेचसे परत घेऊन वितळवले आणि 1912 ला हत्तीची सोंड नीट करून नवा ठसा काढला. कलेक्टर लोक त्याला पिग रुपया म्हणतात. वजनाच्या काट्यावर मात्र तो इतर रुपयांसारखाच. आता इथे दोन रस्ते असतात, गुपचूप चांदीच्या भावाने उचलायचा, किंवा सांगायचं. मी सांगितलं की शेठ, हा वेगळा आहे, याचे जास्त होतात, मला द्यायचा तर अमुक देतो. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "बरं, असलं अजून काय काय असतं ते लिहून दे." मी कागदावर सालं लिहून दिली, तो कागद त्यांनी काचेखाली सरकवला, आणि पुढे बाजारातल्या बाकीच्या सराफांनी तो बघून मला बोलवायला सुरुवात केली. आमच्या धंद्याचं भांडवल विचाराल तर तो कागद. माल विकत घेताना भाव लपवणारे या लाईनीत खूप आहेत, त्यांना एकदा माल मिळतो, दुसऱ्यांदा डबा दाखवत नाहीत.

भांडी बाजाराची गंमत वेगळी. तिथे तांब्यापितळेच्या मोडीत शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, यायच्या, किलोच्या भावात. एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. लोक चिंच लावून, पितांबरीने घासून लख्ख करून आणतात आणि वाटतं आता भाव वाढला. उलट होतं, तांब्यावर वर्षानुवर्ष चढलेला तो काळपट तपकिरी थर गेला की नाणं मेलं. आणि अजून एक अवघड काम म्हणजे समोरच्याला सांगणं की ही शिवराई खुद्द महाराजांच्या काळात पाडलेली असेलच असं नाही. त्यांच्या नावाने शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या, गावोगावच्या टाकसाळींत, आणि हाताशी येतात त्यातल्या बहुतेक त्याच नंतरच्या. माणूस दुखावतो. मी म्हणतो, अहो, राज्य गेलं तरी लोक व्यवहार राजा शिव म्हणूनच करत होते, हे कमी आहे का? मग पटतं, पण विकायला काढत नाही, देवघरात ठेवायला परत घेऊन जातो. जाऊ दे, तेही बरंच आहे.

गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, मुलं दोरीला लोहचुंबक बांधून नाणी काढतात ते तुम्ही पाहिलं असेल. त्यांच्याकडे आपल्या कामाचं काही नसतं, चुंबकाला बहुतेक आत्ताची स्टीलची नाणीच चिकटतात. तांबं, चांदी चुंबकाला दाद देत नाही, ते मिळतं झारेकऱ्यांकडे, जे सराफ बाजारातली गटाराची मातीसुद्धा पाट्यात धुवून सोन्याचा कण काढतात. रामकुंडाकडच्या वाळूतून त्यांना भोकाचा पैसा, ढब्बू पैसा, कधी चवली, पावली सापडते. वाळूने झिजून गुळगुळीत, पण शिकणाऱ्या पोरांना हातात द्यायला तीच बरी.

फारसी अक्षरं मात्र कुठल्या बाजारात शिकायला मिळत नाहीत. मराठ्यांचे रुपये मोगल बादशहाच्या नावाने, त्यावर टाकसाळीचं नाव फारसीत, त्यात नाशिकचं गुलशनाबाद, चांदवडचं जाफराबाद. नाणं लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे नाव अर्धंच उमटलेलं. यासाठी मी अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेत जाऊ लागलो. त्र्यंबक रोडला जाणारे हजारो लोक तिच्यासमोरून जातात, आत म्युझियम आहे हे कितीजणांना माहीत असतं कोण जाणे. 1980 साली परमेश्वरीलाल गुप्ता आणि के. के. माहेश्वरी यांनी उभी केलेली ही संस्था, देशभरातून अभ्यासक तिथे येतात आणि आपण नाशिककर मुंबईला धावतो. आपल्याच जिल्ह्यात जोगलटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, क्षत्रप, म्हणजे शक राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला. राजा हरला तर चांदी तीच, फक्त शिक्का नवा. आणि नहपानाच्या जावयाने पांडवलेणीत लिहूनच ठेवलंय की 35 कार्षापणांचा, म्हणजे चांदीच्या नाण्यांचा, एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं. म्हणजे एक्स्चेंज रेट दगडावर कोरलेला, आणि आपण तिथे जाऊन सेल्फी काढून येतो.

तर नोकरी सोडल्यावर सराफ बाजाराच्या उतारावर एक छोटा गाळा भाड्याने घेतला. 2016 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, पाणी बाजारात शिरलं. नाणी धुवून वाळवली, त्यांना काय होतंय, पण नोटांचे आल्बम गेले, कागद तो कागदच. सराफ शेजाऱ्यांनी स्वतःची काऊंटरं सोडून आमचे ट्रे वर नेले हे विसरणार नाही. आता पहिल्या मजल्यावर आहोत. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटबंदी! लोक जुन्या पाचशेच्या गड्ड्या घेऊन "कलेक्शनला घ्या" म्हणत यायचे. पुढे कायदाच आला, कोणालाही अशा रद्द झालेल्या दहाच नोटा ठेवता येतात, नाणेशास्त्रासाठी म्हणून पंचवीस. तेव्हापासून भिंतीवर बोर्ड लावलाय, वाद नको.

तसंच शेतात हंडा सापडला म्हणून कोणी पिशवी घेऊन आला तर आम्ही पिशवी उघडतसुद्धा नाही. 1878 चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत सापडलेल्या धनाचा कायदा अजून चालू आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, तिथे जा म्हणून सांगतो. शंभर वर्षांवरचं नाणं परदेशात पाठवायला मागितलं तरी नाही, भाव कितीही दिला तरी.

नोटांचं गिऱ्हाईक नाशिकरोडमुळे आम्हाला आपसूक मिळालं. 1928 पासून तिथे नोटा छापतात, सुरुवात पाच रुपयाच्या नोटेने झाली. प्रेसमधले रिटायर्ड काका येतात, जुनी नोट हातात घेतात, किंमत विचारतच नाहीत, आधी उजेडात धरून छपाई बघतात आणि शाई कुठे सरकली ते मला दाखवतात. त्यांच्याकडून जेवढं कळतं तेवढं कॅटलॉगमध्ये नसतं.

दुकानाचं व्हॉट्सॲप आता मुलगी बघते. तिनेच शाळेच्या मुलांसाठी पाकिटं काढली, 1957 ते 64 चे नये पैसे, सोबत टाकसाळीच्या खुणांचं कार्ड: सालाखाली पत्त्यातल्यासारखी चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, ठिपका नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता. पोरं घरी जाऊन आईच्या पर्समधली चिल्लर उपसतात. यात नफा जवळजवळ शून्य आहे, पण आजचं गिऱ्हाईक पाकिटातूनच येतंय असं ती म्हणते आणि हिशोब बघता तिचं खरं आहे.

कुणाकडे आजीच्या माळेतली, डाग देऊन कडी लावलेली नाणी असतील तर कडी काढायच्या भानगडीत पडू नका, तशीच आणा, घासू नका, प्लॅस्टिकच्या हिरवट पडलेल्या पाकिटात असतील तर आधी बाहेर काढून कागदात गुंडाळा. बघायचे पैसे घेत नाही. फक्त बुधवारी दुपारनंतर येऊ नका, तेव्हा शटर खाली असतं, आम्ही बाजारात सराफांकडे डबे बघत फिरत असतो.