सड्यावरून वाडीपर्यंत: पावसाआधीच्या नोंदी

२० मे

मृग लागण्यापूर्वी सगळे मनोरे आणि खांब एकदा नजरेखालून घालायचे, हा आमचा दरवर्षीचा शिरस्ता आहे. त्याची आज सुरुवात केली. राजापूर तालुक्याच्या पश्चिमेला, जैतापूरच्या खाडीच्या दोन्ही अंगांना पसरलेल्या वाड्यांना आम्ही रेडिओलहरींवरून इंटरनेट पुरवतो. शहरापर्यंत फायबर आहे, तिथून टेकड्यांवरून उड्या घेत आमचा सिग्नल सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, मनोऱ्यावर येतो, आणि मनोऱ्यावरून घराघरांच्या कौलांवर बसवलेल्या छोट्या अँटेनांपर्यंत पोहोचतो. जोडण्या तीनशेच्या आसपास, काम करणारी मुले दोन, आणि हिशेबापासून शिडी धरण्यापर्यंतचे उरलेले सगळे माझ्याकडे.

आज दिवस गेला तो अर्थिंगमध्ये. सडा म्हणजे उघडा जांभा दगड. त्यावर माती जेमतेम वीतभर, आणि मे महिन्यात दगड इतका कोरडा पडतो की जमिनीत उतरवलेल्या सळईला विजेच्या दृष्टीने जमीन सापडतच नाही. वळवाच्या दिवसांत वीज कडाडते ती नेमकी याच वेळी, पहिल्या पावसाने दगड भिजण्याच्या आधी. मनोऱ्यावर थेट वीज पडण्याची गरजही नसते. जवळपास पडली तरी वरपर्यंत गेलेल्या तारेत क्षणभर एवढा दाब उठतो की रेडिओ आणि खालचा स्विच (नेटच्या तारा जोडणारी पेटी) दोन्ही जातात. म्हणून जांभा फोडून खोल खड्डा घेतला आहे, त्यात कोळसा आणि मीठ भरले आहे, आणि आज त्यात घागरीने पाणी ओतून वाहकता पुन्हा मोजली. बाकी तारांची तपासणी नेहमीचीच. वानरांनी दोन ठिकाणी तारेचे आवरण कुरतडले होते, आणि एका डब्यात मुंग्यांनी वारूळ करायला घेतले होते.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हापासून दोन ठिकाणांमधल्या लांबच्या रेडिओ-जोडांसाठी भरीव तबकडी अँटेनांऐवजी आम्ही जाळीच्या वापरतो. वारा त्यांच्यातून निघून जातो. सिग्नलमध्ये थोडा तोटा होतो, पण खांब वाकल्यावर होणाऱ्या तोट्यापुढे तो काहीच नाही.

खाली उतरताना एक विचार आला, तो लिहून ठेवतो. ज्या जागेवर मनोरा आहे ती जागा गावातल्या एका कुटुंबाची. ज्या झाडांच्या शेंड्यांवरून आमचा सिग्नल जातो ती झाडे बागायतदारांची. ज्या लहरी आम्ही वापरतो त्या कोणाच्याच नाहीत. आमचे स्वतःचे म्हणावे असे या व्यवसायात फार थोडे आहे, आणि बाकीचे सगळे कोणाच्या तरी संमतीवर उभे आहे.

२४ मे

खाडीवरून जाणाऱ्या जोडाविषयी सविस्तर लिहायचे बरेच दिवस मनात होते. नव्याने आलेल्या मुलाला तो आज समजावून सांगितला, त्या निमित्ताने इथेही मांडतो.

हा जोड साधारण चार किलोमीटरांचा आहे. दोन्ही टोके उंचावर, मध्ये फक्त पाणी, एकही झाड आड येत नाही. कागदावर पाहता याहून सोपा जोड आमच्याकडे दुसरा नाही. पण सुरू केल्यावर तो रोज ठरावीक काळ कोलमडायचा आणि आपोआप सावरायचा. कोलमडण्याची वेळ रोज थोडी पुढे सरकत असे. उपकरण बदलून झाले, तारा बदलून झाल्या. शेवटी पलीकडच्या टोकाच्या घरातील आजोबांनी, ज्यांचे आयुष्य होडीवर गेले आहे, आमची वेळांची वही पाहून सरळ विचारले की हे तुम्ही भरतीचे टिपण कशाला ठेवले आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा इथल्या दर्यावर्दी माणसाचा जुना हिशेब. चतुर्थीला तीन वाजता भरती, पंचमीला पावणेचारला. म्हणजे दर तिथीला पाऊण तास पुढे. आमची वही तेच सांगत होती.

कारण असे. एका अँटेनाकडून दुसरीकडे जाणारी लहर सरळ जाते, आणि तिचाच एक भाग खाली जाऊन पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन तिथेच पोहोचतो. परावर्तित भागाचा मार्ग किंचित लांब असतो. आमच्या उंचींचा हिशेब केला तर हा फरक अर्ध्या मीटरच्या आसपास येतो, आणि पाणी दोन मीटर चढले की तो सहा सेंटीमीटरांनी कमी होतो. आम्ही वापरतो त्या ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबीच मुळी सुमारे ५.२ सेंटीमीटर आहे. म्हणजे एका भरतीत त्या दोन लहरी एकमेकींना साथ देण्यापासून एकमेकींना पुसून टाकण्यापर्यंतचा सगळा फेरा पुरा करतात. उधाणाच्या दिवसांत पाण्याची चढउतार मोठी, म्हणून त्रासही मोठा. भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, दिवसांत जोड जवळजवळ निर्धोक चाले. पृष्ठभागावर लाटा असल्या की परावर्तन विस्कटते आणि जोड सुधारतो, ही त्यातली गंमत: वारा सुटलेल्या दिवशी ग्राहक खूश आणि खाडी आरशासारखी निवांत असली की तक्रारी.

उपाय म्हणून मनोरा वाढवावा असे कोणालाही वाटेल, पण उपयोगी पडले ते याच्या उलट. आमच्या बाजूची अँटेना सड्याच्या कडेपासून मागे नेली आणि खाली उतरवली. आता समोरचे टोक तिला दिसते, पण पाण्याचा जो पट्टा परावर्तन करत होता तो सड्याच्या कडेआड लपला आहे. सरळ मार्गाभोवती जी मोकळी जागा लागते, तीही राखावी लागली, कारण लहर दोरीसारख्या रेषेतून जात नाही. तिला मध्यावर फुगीर होणारी जागा हवी असते. दहा किलोमीटरच्या जोडासाठी ५.८ गिगाहर्ट्झला मध्यभागी या जागेची त्रिज्या अकरा मीटरांहून थोडी जास्त येते, आणि तिच्यापैकी निदान साठ टक्के, म्हणजे सात मीटरांच्या आसपास, मोकळी ठेवावी असा दंडक आहे. आमच्या जोडाला त्याहून कमी पुरते. पण नुसते समोर दिसते म्हणून सिग्नल जाईल, हे गृहीत धरून चालत नाही, एवढे त्या मुलाला पटले असावे.

२५ मे

मुंबईकर आलेले आहेत. रात्री नऊ ते अकरा सगळा भार शिगेला.

२९ मे

आज एका काकींना नाही म्हणायची वेळ आली होती. त्यांचे घर टेकडीच्या पाठीला, कलमांच्या बागेत आहे. मुलगा ठाण्याला असतो. आईशी रोज व्हिडिओवर बोलता यावे आणि अंगणात एक कॅमेरा असावा, एवढीच त्याची अपेक्षा. पैसे देण्याची तयारी होती, छप्पर भक्कम होते. पण मनोरा आणि घर यांच्यामध्ये आंब्याची झाडे आहेत, आणि या वारंवारितेला पानांतले पाणी भारी पडते. आज कोरड्या पानांतून जेमतेम सिग्नल मिळाला, तर आषाढात काय होईल हे सांगायला नको. फांद्या छाटा असे हापूसच्या बागायतदाराला सांगण्याचा अधिकार मला नाही, आणि असता तरी मी सांगितले नसते.

कमजोर सिग्नलची जोडणी देऊन टाकावी, चालेल तशी चालेल, असे अनेक जण करतात. त्याचा भुर्दंड त्या एका ग्राहकाला नव्हे, सगळ्यांना पडतो, हे फारसे कोणी ग्राहकाला समजावत नाही. मनोऱ्यावरचा एक रेडिओ त्याच्या दिशेच्या सगळ्या घरांना आळीपाळीने वेळ देतो. ज्या घराला स्वच्छ सिग्नल आहे, त्याला एका ठोक्यात आठ बिट पाठवता येतात. ज्याचा सिग्नल क्षीण आहे, त्याला दोनच पाठवावे लागतात. म्हणजे तेच चलचित्र पाहायला दुसऱ्या घराला चौपट वेळ लागतो, आणि तो वेळ शेजाऱ्यांच्या वाट्यातून जातो. सायंकाळी अशी तीन-चार घरे एका वेळी चालू झाली की ‘तुमचे नेट हळू आहे’ अशी तक्रार नेमकी त्या माणसाकडून येते, ज्याच्या कौलावरचा सिग्नल सर्वांत उत्तम असतो.

झाडांतून जाण्यासाठी कमी वारंवारिता चांगली, हे सर्वमान्य आहे. आयआयटी मुंबईने पालघर जिल्ह्यातल्या गावांत दूरचित्रवाणीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या जागा वापरून नेमका हाच प्रयोग केला होता, आणि त्यांच्या ग्राममार्ग प्रकल्पाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिले पारितोषिकही मिळाले. तो पट्टा आमच्यासारख्यांना खुला असता, तर काकींच्या घराचा प्रश्न एका अँटेनाने सुटला असता. तसा तो नाही, म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. बागेच्या कडेला असलेल्या त्यांच्या दिरांच्या घराला मनोरा उत्तम दिसतो. तिथे जोडणी घेऊन पुढे बांधाच्या कडेने तार नेली. दिरांशी बोलणे सध्या बंद असल्याचे काकींनी आधी सांगितले नव्हते. त्यांना विचारायचे काम मुलाने ठाण्याहून फोनवर केले, आणि विजेचा महिन्याचा खर्च आम्ही बिलातून वजा करायचा असे ठरले.

५ जून

आज तालुक्यातल्या दुसऱ्या एका लहान पुरवठादाराबरोबर बैठक झाली. गेले काही आठवडे आमच्या दक्षिणेकडच्या रेडिओंना गोंगाट, म्हणजे इतरांच्या लहरींचा अडथळा, वाढलेला दिसत होता, आणि त्यांनाही आमच्यामुळे तसाच त्रास होत होता.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की यावर सरकारकडे दाद मागता येत असेल. तशी सोय नाही, आणि नसण्यामागे तर्क आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग परवानामुक्त केला, आणि त्यातला ५,७२५ ते ५,८७५ मेगाहर्ट्झ हा पट्टा ४ वॅटपर्यंतच्या उत्सर्जित शक्तीसह वापरता येतो. आमच्यासारख्यांचा व्यवसाय खऱ्या अर्थाने त्या अधिसूचनेवर उभा आहे. मात्र तिच्यातच म्हटले आहे की या लहरींवर कोणाचा एकाधिकार नाही, कोणी दुसऱ्याला अडथळा करू नये, आणि दुसऱ्याकडून अडथळा झाला तर संरक्षणही मिळणार नाही. शेकडो कोटी मोजून लिलावात लहरी घेणाऱ्यांना जे संरक्षण मिळते ते फुकट वापरणाऱ्याला मिळू नये, यात मला अन्याय दिसत नाही.

लहरी मुक्त असल्या तरी व्यवसाय मुक्त नाही. परवाना लागतो, आणि आमच्या क वर्गाच्या परवान्याची हद्द रत्नागिरी जिल्ह्यापुरतीच आहे. विजयदुर्गच्या खाडीपलीकडचे सिंधुदुर्गातले दिवे आमच्या एका मनोऱ्यावरून मोजता येतील इतके स्वच्छ दिसतात. तिथली माणसे जोडणी मागतात, आणि आम्हांला ती देता येत नाही. बिलावर १८ टक्के जीएसटी. शिवाय आयपी पत्ते (इंटरनेटवरचे ओळखक्रमांक) अपुरे असल्यामुळे एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक घरे असतात, तेव्हा कोणत्या क्षणी कोण कोणत्या पोर्टवरून (त्या पत्त्याच्या उपक्रमांकावरून) बाहेर गेले याच्या नोंदी ठेवणे बंधनकारक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदी जपून ठेवण्याची मुदत एका वर्षावरून दोन वर्षांवर गेली. ग्राहक तीनशे असोत की तीन कोटी, नियम एकच. या नोंदींसाठी घेतलेल्या डिस्कांची किंमत सांगितली तर घरचे अजून विश्वास ठेवत नाहीत.

बैठकीत दोघांनीही आपापल्या मनोऱ्यांच्या दिशा आणि वाहिन्या (लहरींच्या पट्ट्याचे वापरातले तुकडे) कागदावर मांडल्या. दीडशे मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४० मेगाहर्ट्झच्या वाहिन्या तीनच बसतात. दोघांनीही रुंद वाहिन्या धरल्या तर भांडण अटळ आहे. शेवटी असे ठरले की लांबच्या जोडांना ज्याने त्याने एक-एक ४० ची वाहिनी ठेवावी, आणि वाड्यांकडे तोंड असलेले सगळे रेडिओ २० वर आणावेत. यामुळे प्रत्येक रेडिओची कमाल क्षमता निम्मी होते, हे खरे. पण गोंगाटात ४० मेगाहर्ट्झ चालवण्यापेक्षा शांततेत २० चालवलेले बरे, हे दोघांच्याही आकड्यांत दिसत होते. लेखी काही केले नाही. त्यांनी फक्त एवढे विचारले की नाटे गावाच्या बाजूला तुम्ही नवे ग्राहक घेणार का, आणि मी सांगितले की मनोरा दिसत असेल तिथे घेणार. त्यावर ते हसले. त्यांचेही उत्तर तेच असते.

मोठ्या कंपन्यांचा विषय निघालाच. रस्त्याकडेच्या गावांत त्यांचे ५जी आणि फायबर आले आहे, आणि तिथले आमचे निम्मे ग्राहक गेले आहेत. फायबर ज्या घरापर्यंत जाते, त्या घराने फायबरच घ्यावे, असे मी ग्राहकाला स्वतः सांगतो. फक्त ते विजेच्या खांबांवरून आलेले असेल तर जुलैत एक फणस आडवा पडला की आठवडाभर बंद राहते, हेही सांगतो. पाच-सहा घरांच्या वाडीसाठी जांभा फोडून कोणी केबल पुरणार नाही, आणि खांबांवरूनही आणणार नाही. तिथे पुढची काही वर्षे तरी आम्हीच आहोत.

रात्री साडेबारानंतर, वापर कमी झाल्यावर, दोघांनी फोनवर बोलत एकाच वेळी वाहिन्या बदलल्या. दक्षिणेकडच्या रेडिओचा गोंगाट उणे ८४ वरून उणे ९३ डीबीएमपर्यंत (सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) खाली आला. दोन घरे परत जोडली गेली नाहीत. त्यांच्या रेडिओत जुनी प्रणाली आहे, ती उद्या शिडी घेऊन जाऊन बदलावी लागेल, आणि हवामानखात्याने परवापासून पाऊस सांगितला असल्यामुळे ते काम सकाळी लवकर उरकायचे आहे.