पावणेचारशे किलोचा टँक आणि जुन्या सागाचं स्टँड

पुण्यात फर्निचरची कामं करतो, जास्त करून किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, दाराच्या चौकटी. फिशटँकच्या स्टँडची कामं कमीच येतात, पण मागच्या पावसाळ्यातलं एक काम लिहावंसं वाटतंय, कारण हल्ली बरेच जण घरीच स्टँड बनवायला घेतात आणि मला विचारतात काय तर लाकूड कुठलं घेऊ, पॉलिश कुठलं मारू. वजन जमिनीपर्यंत पोचतं कसं हे कुणीच विचारत नाही.

सकाळी एका रिटायर्ड सरांचा फोन आला, त्यांच्या घरची कामं मीच करतो. "मिस्त्री, माशांच्या टाकीचं स्टँड एका बाजूला कललंय, जरा येऊन बघता का?" टाकी भरलेली आहे का विचारलं तर म्हणाले काठोकाठ. मी म्हटलं सर, स्टँडला टेकू द्यायला जाऊ नका, समोर कुणी बसू नका, आधी पाईप टाकून पाणी काढायला लागा, मी निघालोच.

जाऊन बघतो तर चार फुटी टँक, 48 बाय 18, उंची 20 इंच, 10 एमएमची काच. खाली पार्टिकल बोर्डचं रेडिमेड स्टँड. फिल्टरच्या पाईपवरून थेंब थेंब पाणी मागच्या बाजूला उतरत होतं आणि बोर्डाच्या कापलेल्या कडेतून आत मुरत होतं, वरून सनमायका चकचकीत असल्यामुळे कुणाला कळलंच नाही. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा भुसा-चुरा गोंदात दाबलेला, तो एकदा फुगला की वाळला तरी पूर्वीसारखा होत नाही. उजवीकडची उभी फळी खालून फुगून फाकली होती आणि स्क्रू नुसते हाताने बाहेर येत होते.

सरांची मुलगी सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे, तिने तोवर अर्धं पाणी ड्रममध्ये काढलं होतं. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यामुळे जितकं पाणी बाहेर तितका स्टँडवरचा भार कमी. ते पाणी तिने फेकलं नाही, मासे त्याच पाण्यात ठेवले, एंजल एका ड्रममध्ये, सकर मासा दुसऱ्यात, दोन्हीकडे एअर पंप चालू. फिल्टरचा स्पंजही तिने त्याच पाण्यात बुडवून ठेवला. मला म्हणाली, "मिस्त्रीकाका, हा नळाखाली धुवायचा नाही हं, माशांच्या घाणीतला अमोनिया खाणारे बॅक्टेरिया यात असतात, ते मेले तर मासे पण जातील." एवढी वर्षं लाकडात गेली, हे मला माहीत नव्हतं आणि ऐकून फार बरं वाटलं. चौघांनी मिळून रिकामा टँक गादीवर उतरवला, नुसती काच 55 किलोच्या आसपास होती.

मग हिशोब मांडला. पाणी 280 लिटर, काच 55, खडी-दगड 40, म्हणजे पावणेचारशे किलो. मुलगी म्हणाली घराचा स्लॅब चौरस मीटरला 200 किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात, आणि इथे टँकच्या पायाखाली तोच आकडा तिपटीच्या वर जातो. पूर्ण खोलीचा विचार केला तर चालतं, पण टँक खोलीच्या मधोमध नको, बीमवरच्या भिंतीला लागून हवा. सरांचा टँक नशिबाने तसाच होता.

लाकडासाठी भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो. पाडलेल्या जुन्या वाड्याचा साग मिळाला, 3 बाय 2 इंची तुकडे, खिळे काढून रंधा मारला तर आत सोन्यासारखा रंग. नवीन लाकूड पावसाळ्यात वळतं, हे इतकी वर्षं वाळलेलं, आणि सागात मुळातच तेल असतं त्यामुळे ओल आणि वाळवी दोन्ही लवकर लागत नाही. साग परवडत नसेल तर 710 ग्रेडचा मरीन प्लाय घ्या, पण कडा उघड्या ठेवू नका.

आता मुख्य गोष्ट. बरेच जण पाय उभे करतात आणि वरची पट्टी पायाच्या अंगाला स्क्रूने ठोकतात. मग सगळं वजन स्क्रूवर लटकतं. मी पायाच्या डोक्यावर खाच पाडून पट्टी त्यात बसवतो, म्हणजे लाकूड लाकडावर बसतं आणि वजन सरळ खाली उतरतं, स्क्रू फक्त सांधा हलू नये म्हणून. पट्टी पण उभी ठेवायची, 3 इंच उंचीला. मुलीने तिथेच गणित करून दाखवलं की तीच पट्टी आडवी टाकण्यापेक्षा उभी टाकली तर सव्वादोन पट ताठ होते. माझ्या वडिलांनी हे मला हाताने वाकवून शिकवलं होतं, आकडा पहिल्यांदा कळला. चार कोपऱ्यांना चार पाय, मध्ये दोन, आणि मागे पूर्ण प्लाय स्क्रू करून टाकला, कारण टँक खाली दाबतो तसा डावी-उजवीकडे डोलतो पण, मागचा प्लाय नसेल तर कितीही जाड पाय लावा, चौकट कलणारच. पायांच्या कापलेल्या तोंडांना सीलर पाजला आणि खाली रबराची बुचं, म्हणजे फरशी पुसताना पाणी वर चढत नाही.

संध्याकाळपर्यंत स्टँड उभं राहिलं, पण सरांचा चेहरा काही मोकळा होईना. सकाळी जे बघितलं त्यानंतर मासे परत वर ठेवायची हिंमत होत नव्हती त्यांची, आणि ते बरोबरच होतं. खाली पार्किंगमध्ये शेजाऱ्यांच्या रिनोव्हेशनचं सिमेंट पडलं होतं, त्यांना विचारून 50 किलोच्या आठ गोण्या वर आणवल्या, पहिला मजलाच होता. दोन-दोनाच्या चार थरांत स्टँडवर रचल्या, बरोबर 400 किलो. पुढच्या पट्टीखाली लाईनदोरी ताणून बांधली आणि पायांमधल्या दोन्ही गाळ्यांत पट्टी आणि दोरीमधलं अंतर मोजून भिंतीवर पेन्सिलने लिहिलं. फेविकॉल पूर्ण धरायला तसाही एक दिवस लागतो. मी घरी गेलो, सर म्हणे रात्री उठून उठून टॉर्चने दोरी बघत होते.

सकाळी दोन्हीकडची मापं तीच, म्हणजे पट्टी रात्रभरात वाकली नव्हती. गोण्या उतरवल्या, लेव्हल बघितली, फरशीचा उतार बाल्कनीकडे होता म्हणून दोन पायांखाली पीव्हीसीच्या चकत्या दिल्या. चकती नेहमी पायाखाली द्यायची, काचेखाली कधीच नाही, काचेला एका जागी दाब आला की ती तडकते. टँकखाली पूर्ण मापाचं थर्माकोल. आधी चार इंच पाणी भरून दोन्ही टोकांना काठापासून टेपने मोजलं, सारखं आलं, मग अर्धं भरून परत मोजलं, मग पूर्ण.

मासे सोडल्यावर मुलीने फिल्टर चालू केला. त्याचा पाईप मी आधी खाली लोंबता सोडून मग वर वळवून घेतला, म्हणजे थेंब आला तरी वळणावरूनच खाली पडेल, लाकडाकडे जाणार नाही, आणि त्या जागी खाली एक प्लास्टिकचा ट्रे ठेवायला सांगितला. सरांना म्हटलं दर महिन्याला मागे हात घालून बघत जा, ओलं लागलं तर त्याच दिवशी फोन करा.