पेंढ्यावरच्या गुरांना प्रथिने कुठून द्यायची?

सरद (पावसाळी) भात कापून झाले की गोव्यातल्या गोठ्यांत पेंढ्याचे दिवस सुरू होतात. डिसेंबरपर्यंत सड्यावरचे (कातळी माळावरचे) करड, म्हणजे रानगवत, वाळून काडी होते. मार्च-एप्रिलात वायंगणाचा (उन्हाळी भाताचा) नवा पेंढा येतो, पण त्याचाही कस तेवढाच. पावसाळ्यात अंगाने भरलेली गाय मे महिन्यात बरगड्या दाखवू लागली की चारा कमी पडला असे वाटते. गव्हाणीत मात्र पेंढा उरलेला असतो. आधी खाल्लेला कोठीपोटातून (गुरांच्या पहिल्या, मोठ्या पोटातून) पुढे सरकलेला नसतो, म्हणून ती नवा खात नाही.

पेंढा पचवतात ते कोठीपोटातले जीवाणू, आणि त्यांना वाढायला नत्र लागते, ते प्रथिनांतून मिळते. एकूण चाऱ्याच्या कोरड्या वजनात प्रथिने साधारण 7 टक्क्यांच्या खाली गेली की त्यांचे काम मंदावते. भाताच्या पेंढ्यात ती जेमतेम 3 ते 4 टक्के असतात. वर सिलिका भरपूर, त्यामुळे काडी मुळातच चिवट. अशा जनावराला थोडी प्रथिने मिळाली तर त्यांचा फायदा दुहेरी होतो: जीवाणू पेंढा लवकर फोडतात आणि गाय तोच पेंढा जास्त खाते.

भाताची पेज, उरलेला भात किंवा नुसता मक्याचा भरडा यांनी हे काम होत नाही. पिष्ट (स्टार्च) जास्त झाले की कोठीपोटातली आम्लता वाढते आणि काडी पचवणारे जीवाणू आणखी मागे पडतात. जत्रेतला किंवा लग्नातला घमेलेभर भात एकदम घातला तर गाय अपचनाने आडवी होते. वाळक्या चाऱ्यावरच्या जनावरासाठी पहिला पैसा प्रथिनांवर खर्च करावा, धान्यावर नंतर.

कमतरता ओळखायची असेल तर शेण पाहा. घट्ट, थरावर थर चढलेले, आत लांब न पचलेल्या काड्या, म्हणजे प्रथिने कमी. पेंड सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत शेण मऊ होऊन पसरू लागले आणि काड्या बारीक झाल्या तर मात्रा बरोबर चालली आहे.

आता हिशेब. 300 किलोची भाकड गावठी गाय दिवसाला 6 किलो पेंढा खाते असे धरू. त्यातला कोरडा भाग 5.4 किलो, 4 टक्क्यांनी प्रथिने 216 ग्रॅम. रोज अर्धा किलो चांगली शेंगदाणा पेंड दिली तर सुमारे 200 ग्रॅम प्रथिने वाढतात आणि एकूण आहार 7 टक्क्यांना पोचतो. खोबऱ्याची पेंड वापरली तर त्यासाठी किलोभर लागते, कारण तिच्यात प्रथिने 20 ते 22 टक्केच असतात. श्वेतकपिलेसारख्या (गोव्याच्या गावठी जातीच्या) दोन-तीन लिटर दूध देणाऱ्या गाईला त्यावर लिटरमागे साधारण 400 ग्रॅम खुराकाचे मिश्रण पुरते. संकरित गाय नुसत्या पेंढ्यावर असेल तर शरीर टिकवायला दीड किलो मिश्रण आणि वर लिटरमागे 400 ग्रॅम, म्हणजे आठ लिटरच्या गाईला 4.7 किलो. एवढे एकदम घालू नका, दोन-तीन वेळांत विभागा.

पेंड घेताना पोत्याचा भाव पाहू नका, त्यातल्या प्रथिनांचा भाव काढा. किलोचा दर भागिले प्रथिनांचा टक्का, गुणिले शंभर. समजा एक पेंड 30 रुपये किलो आणि 20 टक्क्यांची, तर तिचे एक किलो प्रथिन 150 रुपयांना पडते. दुसरी 50 रुपये किलो पण 45 टक्क्यांची, तर 111 रुपयांना. महाग दिसणारी इथे स्वस्त ठरली. आज दुकानात जो दर असेल तो घालून हे गणित दर खरेदीला करा, कारण दर हलतात.

तरीही खोबऱ्याची पेंड आपल्याकडे सोडवत नाही. ती घाणीवर ताजी मिळते आणि गुरे आवडीने खातात. घाणीच्या पेंडेत तेल बरेच राहते, ते अंगाला लागते. पण त्याच तेलामुळे ती खवट होते, आणि खवट पेंड गाय हुंगून सोडते. पावसाच्या तोंडावर दोन महिन्यांचा साठा करू नका. गावठी गाईला दिवसाला किलोपर्यंत, संकरित गाईला दोन किलोपर्यंत ठीक. तेल त्याहून जास्त गेले तर काडी पचण्यात अडथळा येतो. ही पेंड पाणी पिऊन फुगते, म्हणून दोन-तीन तास भिजवा. रात्रभर ठेवली तर आपल्या उष्म्यात आंबते.

शेंगदाणा पेंडेत प्रथिने भरपूर, आणि धोकाही तिच्यातच मोठा. दमट हवेत तिला बुरशी धरते आणि त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष दुधातून माणसांपर्यंत जाते. गाठ झालेली, हिरवट-काळी, कुबट वासाची पेंड उन्हात घालून सुधारत नाही, ती फेकायचीच. पोती जमिनीपासून वीतभर वर लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून सुटी ठेवा. सरकी पेंड 22 टक्क्यांच्या आसपास असते, दुभत्या गाईला चांगली. लहान वासरांना मात्र देऊ नका, तिच्यातले गॉसिपॉल हे विषारी द्रव्य त्यांना सोसत नाही.

तयार खाद्याच्या पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा नीट वाचा. तो नत्रावरून काढलेला असतो, म्हणून युरियाही त्यात प्रथिन म्हणून मोजला जातो. खाद्यात 1 टक्का युरिया असला की आकडा जवळपास पावणेतीन टक्क्यांनी फुगतो. तेवढा युरिया मोठ्या जनावराला चालतो, पण पेंढा युरिया प्रक्रियेचा (ती खाली दिली आहे) असेल किंवा युरियाची चाटण वीट टांगलेली असेल तर त्यावर असले खाद्य घालू नका.

पेंढा भरपूर आणि पैसा कमी असेल तर युरिया प्रक्रिया करावी. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून. जाड प्लास्टिकवर पेंढ्याचा वीतभर थर, वर झारीने पाणी, पायाने दाबायचे, पुन्हा थर. शेवटी हवा न शिरेल असे झाकून 21 दिवस. प्रथिने 7-8 टक्क्यांवर जातात आणि काडी मऊ पडते. बिघाड तीन ठिकाणी होतो: युरियाचा खडा तसाच राहतो, थर नीट दाबला जात नाही, प्लास्टिक फाटते. फटीपाशी पांढरी बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून टाका. रोजचा पेंढा तासभर पसरून ठेवा, उग्र वास गेला की थोडा-थोडा वाढवत आठवड्यात पूर्ण करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना नाही. भुकेल्या गाईने युरियाचे पाणी प्यायले तर फेस, थरथर, पोटफुगी दिसते. लगेच डॉक्टरांना बोलवा. ते येईपर्यंत मोठ्या जनावराला दोन-चार लिटर व्हिनेगर आणि भरपूर गार पाणी सावकाश पाजा; माडाचे व्हिनेगर चालते. गाय आडवी पडली असेल तर तोंडाने काही ओतू नका, फुफ्फुसात जाते.

कुंपणाचे गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही फुकटची प्रथिने. गिरिपुष्पाचा पाला दिवसभर सुकवून द्या, ताज्याचा वास गुरांना नको असतो. सुबाभूळ चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच. अळसांद्याच्या (चवळीच्या) शेंगा तोडून झाल्या की वेल जाळू नका, वाळवून पेंढ्यात मिसळा. अझोलाची (पाण्यावर वाढणाऱ्या चारा-वनस्पतीची) स्तुती जास्त होते: दोन किलो ओल्या अझोलातून जेमतेम 25-30 ग्रॅम प्रथिने मिळतात, उरलेले पाणी. बिअरच्या कारखान्यातला बार्लीचा चोथा मिळत असेल तर उत्तम, पाच किलोत अडीचशे ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, पण तो दोन दिवसांत संपवावा.

वेळ कमी असेल तर भाकड जनावरांना रोज अर्धा किलोऐवजी एक दिवसाआड किलोभर पेंड घातली तरी चालते. युरियाबाबत ही सूट नाही. खनिज मिश्रण रोज 50 ग्रॅम आणि मीठ 30 ग्रॅम कायम ठेवा. हाडे किंवा प्लास्टिक चघळणारी गाय बहुधा स्फुरदाला (फॉस्फरसला) भुकेलेली असते, पेंड वाढवून ती खोड जात नाही.

पाऊस लागून कोवळे गवत वर आले की त्यात प्रथिने भरपूर असतात. तेव्हा पेंड आठवड्यात निम्म्यावर आणा, पण सकाळी सोडण्याआधी दोन किलो पेंढा घालत राहा, नाहीतर पहिले पंधरा दिवस हगवण लागते.