पऱ्हाटी जळेल अशी चूल : आमची वाटचाल

वर्धा जिल्ह्यातील आमचे वर्कशॉप मुळात खिडक्यांच्या जाळ्या, लोखंडी फाटके आणि वखर-डवऱ्यांची दुरुस्ती यांवर चालत असे. आम्ही चुलींकडे वळलो तेव्हा सुधारित चूल ही या भागाला नवलाची गोष्ट राहिलेली नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्याच मगनवाडीत मगन चूल घडली होती. पुढे 1980 च्या दशकात केंद्र सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला आणि 2002 मध्ये तो थांबला. त्या काळातील धुरांड्यांचे पाइप काही घरांच्या कवेलूंतून अजूनही वर आलेले दिसतात, खाली मात्र धूर ओकणारी मातीची चूल पेटलेली असते. आपली चूल वर्षभरानंतरही वापरात राहील का, हा प्रश्न त्यामुळे पहिल्या दिवसापासून आमच्यासमोर होता, आणि आमचे बहुतेक निर्णय त्याच प्रश्नातून निघाले आहेत.

त्याचे उत्तर घरामागच्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांच्या, गंजीत सापडले. कापसाची वेचणी संपली की शेतकरी उभी पऱ्हाटी उपटतो, कारण ती शेतात राहिली तर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो. उपटलेली पऱ्हाटी आणि तुरीच्या तुराट्या शेतमजुरालाही बहुधा फुकट किंवा नाममात्र मोबदल्यात मिळतात आणि पावसाळ्यापर्यंत घर चालवतात. बाजारात त्या वेळी ज्या सुधारित चुली होत्या, त्यांपैकी बऱ्याच हातभर लांबीच्या, फोडलेल्या, सुक्या लाकडासाठी बेतलेल्या होत्या. एका बाईंनी अशी चूल पाहून आम्हाला सरळ विचारले, ‘‘भाऊ, हिच्यात पऱ्हाटी जातच नाही जी, अन् रोज लाकूड कोन फोडून देईन?’’ आमच्या पहिल्या नमुन्याचा आराखडा या एका वाक्यावरून ठरला, असे म्हटले तरी चालेल.

आमची चूल रॉकेट पद्धतीची आहे. आतली नळी आडव्या तोंडातून वळून वर जाते, तिच्याभोवती उष्णतारोधक थर असतो, जळण केवळ टोकाशी पेटते आणि जळणाखालून हवा आत ओढली जाते. नळी तापलेली राहिल्यामुळे एरवी धुरात निघून जाणारे वायू आतच बऱ्यापैकी जळून जातात. पऱ्हाटी फांद्याफांद्यांची, हलकी आणि भडकन पेटणारी असल्याने तिला तोंड मोठे लागते; पण तोंड फार मोठे ठेवले तर गार हवा जास्त शिरते, ज्वाळा निवते आणि धूर वाढतो. म्हणून आम्ही तोंडाची उंची कमी ठेवून रुंदी वाढवली आणि आत बिडाची जाळी बसवली. पावसाळ्यात पऱ्हाटी ओलसर झाली की बायका तिच्याबरोबर गोवऱ्या लावतात. गोवरीची राख फार असते, ती जाळीत साचून हवा अडवते. जाळीच्या फटी त्यासाठी रुंद कराव्या लागल्या, आणि आतला पत्रा उष्णतेने पापुद्रे सुटून पातळ होत असल्याने तो स्वतंत्रपणे बदलता येईल असा केला.

भाकरीने मात्र आमची खरी परीक्षा घेतली. रॉकेट चुलीची ज्वाळा निमुळती असते. तिच्यावर तवा ठेवला की भाकर मधे करपते आणि कडेला कच्ची राहते. शिवाय तव्यावरची भाकर निखाऱ्यांसमोर उभी करून शेकायची असते आणि या चुलीत निखारे थोडेच उरतात. ज्वाळा पसरवणारी बिडाची चकती आणि निखारे पुढे ओढून घेण्यासाठी लहानसा तसराळ्याच्या आकाराचा भाग, या दोन गोष्टी जोडल्यावर गिऱ्हाइकांचा नूर बदलला. जळण किती वाचते हे सांगून जेवढ्या चुली खपल्या नसत्या, तेवढ्या फुगलेल्या भाकरीने खपवल्या.

1 मे 2016 रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथून उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या गावांतही गॅस पोहोचला. आमची विक्री घसरली, आणि ते योग्यच होते. गॅस आमच्या चुलीपेक्षा स्वच्छ आहे, हे आम्ही गिऱ्हाइकाला आजही सांगतो. भारतीय मानक आयएस 13152 नुसार पंख्याविना चालणाऱ्या लाकडाच्या चुलीची औष्णिक कार्यक्षमता, म्हणजे जळणातल्या उष्णतेपैकी भांड्याला मिळणारा वाटा, किमान 25 टक्के हवी. पण ही चाचणी सुक्या, मापात कापलेल्या लाकडावर होते, आषाढातल्या ओल्या पऱ्हाटीवर नव्हे. म्हणून ‘धूरमुक्त’ हा शब्द आम्ही आमच्या पत्रकावर छापत नाही. अडचण वेगळी आहे. 14.2 किलोच्या सिलिंडरचे सगळे पैसे एकरकमी मोजावे लागतात, अनुदान नंतर खात्यात येते, आणि मृगात बियाण्याला पैसे लागतात तेव्हा घरातले सिलिंडर रिकामेच राहते. मग चहा आणि पाहुणे आले की गॅस, भाकर आणि आंघोळीचे पाणी मात्र चुलीवर, अशी वाटणी घराघरांत आपोआप झाली. त्या उरलेल्या चुलीचा धूर कमी करणे एवढेच आमचे काम आहे.

आमच्या चुलीची किंमत शेतमजूर बाईच्या आठवड्याभराच्या मजुरीच्या आसपास पडते, आणि एवढी रक्कम बहुतेक घरांत एकदम नसते. बचत गटांमार्फत हप्ते लावले आणि मोठा हप्ता कापसाचे चुकारे मिळण्याच्या सुमारास ठेवला, तेव्हा वसुली बरीच सुरळीत झाली. विक्रीपूर्वी बाजाराच्या दिवशी गटातल्याच एखाद्या बाईंकडून चुलीवर भाकरी करवून घेतो. आम्ही पुरुषांनी केलेल्या भाषणाला कोणी फारसे मोजत नाही.

कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे टाळलेल्या कार्बन उत्सर्जनाच्या विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, बदल्यात चुली फुकट वाटण्याचे प्रस्ताव आमच्याकडेही आले. पैसा येणार होता, तरीही वाटपापुरते काम घेण्याचे आम्ही टाळले. ज्या बाईंनी हप्ते भरले आहेत, त्या जाळी तुटली की फोन करून आम्हाला धारेवर धरतात, आणि चूल पेटते आहे याचा त्याहून भरवशाचा पुरावा आमच्याकडे नाही. एखाद्या गावातून बरेच दिवस तक्रार आली नाही, तर आमचा माणूस तिकडे जाऊन चुलींची स्थिती पाहून येतो. सध्या आंघोळीच्या पाण्यासाठी याच जळणावर चालणाऱ्या बंबाचा नमुना तयार होत आहे. त्याच्या दोन प्रती यवतमाळ जिल्ह्यातील एका पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, वापरायला दिल्या आहेत. हिवाळा संपल्यावर तिथल्या बायका जे सांगतील, त्यावरून त्याचा साचा काढायचा की नाही हे ठरेल.