बारमाही पावसाचं कोकण

फोनमधल्या कोकणात बारा महिने पाऊस पडतो. कौलांवरून पागोळ्या गळतात, तांबड्या वाटेच्या दोन्ही अंगांना भात डोलतं, कुणीतरी चुलीवर घावणे घालत असतं आणि मागे तीच ती बासरी. इकडे एप्रिल चालू आहे, शर्ट पाठीला चिकटलाय, विजेचा पत्ता नाही, विहिरीत दोरी आणखी दोन हात सोडावी लागतेय. अशा अवस्थेत ओटीवर बसून मी ते हिरवंगार कोकण बघतो आणि वाटतं, एकदा जाऊन यायला हवं तिकडे.

काय दाखवायचं ते ठरवणाऱ्या यंत्राचा यात तसा दोष नाही. त्याला हिरवं-पिवळं कळत नाही. अंगठा कशावर थांबला आणि किती सेकंद थांबला, एवढंच त्याला कळतं. इन्स्टाग्रामवर पूर्वी ताजा फोटो वर आणि जुना खाली, असा सरळ कारभार होता. 2016 साली कंपनीने ठरवलं की तुम्हाला काय आवडेल त्याचा अंदाज बांधून क्रम लावायचा. लोक पावसावर थांबले, पाऊस वर आला. उन्हाळ्यातल्या काळ्याठिक्कर कातळसड्यावर आणि जळलेल्या गवतावर कोण थांबणार? मग रील करणारी पोरं मे महिन्यातही जुलैचे व्हिडिओ टाकतात आणि मुंबईहून उतरलेला पाहुणा बॅग खाली ठेवायच्या आत विचारतो, "सावडावचा धबधबा किती लांब आहे हो?" लांब नाही. पण मे महिन्यात तिथे दगड बघायला मिळतात.

बोलीचंही तेच. कोकणी माणूस म्हणजे मालवणी बोलणारा, असं फोनने परस्पर ठरवून टाकलंय. खरं तर रायगडात आगरी, सावित्रीच्या मुखाशी बाणकोटी, संगमेश्वरकडे संगमेश्वरी, किनाऱ्यावरच्या मुसलमान कोळ्यांची दालदी, काही जुन्या घरांत चित्पावनी. खाडी ओलांडली की हेल बदलतो. मालवणीला नाटकांनी आधीच महाराष्ट्रभर फिरवून आणलं होतं, त्यामुळे तिची ओळख तयार होती. तयार ओळखीवर अंगठा थांबतो. आता गुहागरकडचा मुलगाही कॅमेरा चालू झाला की "काय ता, खंय गेल्लंस" करायला लागतो आणि कॅमेरा बंद झाला की आईशी आपल्या भाषेत बोलतो. त्यातून ही मालवणी तरी कुठली? माझी काकी जन्मभर मालवणी बोलत आली. तिच्या बोलण्यात पाणी तापलं का, गुरं आली का, तिरफळं वाळत घातली का, हेच जास्त. रीलमधली मालवणी दर दुसऱ्या वाक्याला कुणाच्या तरी आवशीपर्यंत, म्हणजे आईपर्यंत, जाते.

डबलबारीचं मात्र मला जास्त लागतं. ज्यांनी ऐकली नसेल त्यांच्यासाठी: दोन भजनीबुवा, दोन मंडळं, समोरासमोर. पखवाज, पेटी, झांजा. रात्री जेवणं आटपून सुरू होते ती कोंबडा आरवेपर्यंत. नमन, मग देवाचं रूप वर्णन करणारा रूपाचा अभंग सावकाश, मग गवळण, शेवटी गजर, आणि त्यात बुवा एकमेकांना जे चिमटे काढतात त्यासाठी माणसं पाच-पाच मैल चालत जायची. या कलेला फोनने आधी भरभरून दिलं, हे कबूल केलं पाहिजे. यूट्यूबने 2012 साली नुसते क्लिक मोजण्यापेक्षा लोक किती वेळ बघतात याला महत्त्व दिलं, म्हणजे लांबण लावणाऱ्यांचे दिवस आले. पुढे 2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. कुणीतरी मांडवाच्या खांबाला कॅमेरा बांधला आणि अख्खी बारी, खोकण्या-खाकरण्यासकट, वर चढवली. नालासोपाऱ्यातला चाकरमानी रात्रपाळीहून येऊन ती बघत बघत जेवायला लागला. गणपतीला गावी यायला रजा मिळाली नाही तरी भजन मिळत होतं.

मग 29 जून 2020 ला सरकारने टिकटॉक बंद केलं आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने आपल्याकडे रील आणलं. आता अख्ख्या रात्रीतली तीस सेकंदं निघायला लागली. कुठली? रूपाच्या अभंगाची नव्हेत. टोल्याची. पूर्वी टोला मारला की बुवा समोरच्या बुवाकडे बघायचे. त्याचं तोंड कसं होतंय हे बघण्यातच अर्धी मजा होती. परवा एका बारीत मी नीट लक्ष दिलं. बुवांनी टोला मारला आणि मान वळवली ती डाव्या अंगाला उभ्या असलेल्या तिपाईकडे. क्षणभर थांबलेसुद्धा, कापायला जागा हवी म्हणून. समोरचा बुवा बिचारा उत्तराच्या तयारीत पेटीवर बोटं ठेवून बसला होता.

आता अगदी खरं सांगायचं, तर रूपाचा अभंग लागला की उठून भजी खायला जाणारे आमच्या लहानपणीही होतेच. निम्मा मांडव रिकामा व्हायचा. पण कोण उठला, किती वेळाने परतला, याचा हिशोब कुणी ठेवत नव्हतं आणि बुवांना तो दाखवत तर नव्हतंच. बुवा डोळे मिटून गात राहायचे.

माझा भाचा रील करतो. त्याच्या सोवळ्याओवळ्यापुढे आमची आजी फिकी पडली असती. संध्याकाळी सातच्या आत टाकायचं नाही. बाहेरची लिंक वर लिहायची नाही, पहिल्या कमेंटमध्ये लिहायची. ऑडिओ चालतोय तोच घ्यायचा. राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवाला, कोंबा (कोंबडा) दिल्याचा व्हिडिओ टाकताना 'रक्त' या शब्दाच्या पोटात एक फुली मारायची, नाहीतर रीच बसते. मी विचारलं, "हे तुला सांगितलं कोणी?"

"मामा, सगळे तसाच करतत."

गावात गुरव देवाला कौल लावतो. पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची; उजवी पडली की होकार. आमचा भाचाही रोज कौलच लावतो म्हणा ना. पण देवळात प्रश्न आपला असतो, पाकळी चारचौघांसमोर पडते आणि डावा कौल मिळाला तर मानकरी पुन्हा गाऱ्हाणं घालून वाद घालू शकतात. इथे डावा कौल मिळाला की पोरगा स्वतःच बदलतो. आधी केस बदलले, मग आवाज. सध्या तो प्रत्येक वाक्य ओरडून सुरू करतो. "पयल्या तीन सेकंदात कायतरी होवक व्हया, नायतर लोक वर ढकलतत."

त्या तीन सेकंदांपायी दापोलीपासून तारकर्लीपर्यंत गाड्या समुद्रात जातात. भरती-ओहोटी कोण बघतो? लाटा उडवत गाडी पळाली तर रील होतं आणि रुतली तर त्याहून मोठं होतं, कारण मग काठावरचे पन्नास जण ते काढतात. दोन्हीकडून फायदा जेसीबीवाल्याचा.

आणि भांडणं! देवगडचा हापूस की रत्नागिरीचा, हा आमचा पिढीजात वाद. लग्नाच्या पंगतीत, रसाची वाटी हातात धरून घालायचा. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगड, ठाणे, पालघर अशा पाचही जिल्ह्यांना एकाच पंगतीला बसवलं, तरी कुणी जेवायचं थांबलं नाही. फेसबुकवर मात्र हाच वाद तिसऱ्या कमेंटला जातीवर येतो. 2017 पासून काही काळ फेसबुक रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन देत होतं, हे 2021 मध्ये कंपनीच्याच कागदपत्रांतून बाहेर आलं. तोवर ते वजन काढलंही होतं. लागलेली सवय मात्र कुणी काढून नेली नाही.

आमच्या घरात या सगळ्यावर मात केली ती काकीने, आणि तीही झोपेत. रात्री ती यूट्यूबवर भजन लावते आणि पहिल्या कडव्यालाच घोरायला लागते. फोन चार्जरवर, भजन चालूच. यंत्राची समजूत अशी की ही बाई रूपाचे अभंग शेवटपर्यंत, एक सेकंदही न गाळता ऐकते. त्यामुळे तिच्या फोनवर ना रुतलेली गाडी, ना शिव्या, ना बासरी. जुन्या बुवांच्या तीन-तीन तासांच्या बाऱ्या, एकामागून एक. भाच्याने तो फोन चाळला आणि हेव्याने म्हणाला, "आजीचो फोन बरो शिकलेलो आसा."

त्याच रात्री त्याने तिचा डोळा लागल्यावर भजन बंद केलं आणि आपलं नवं रील लावून फोन उशाशी ठेवला. रील संपलं की आपोआप पुन्हा सुरू होतं. पहाटे काकी उठली ती ओरडतच. "मेल्या, रातभर तुझाच त्वांड! माझो बुवा खंय गेलो?"