मंगळाईच्या बुरुजापर्यंत

साताऱ्याची माणसं पहाटे अजिंक्यताऱ्यावर चालायला जातात. माझंही लहानपण त्याच चढावर गेलं, पण तटाच्या कडेकडेनं मी कधी फिरलो नव्हतो. परवा मामांना म्हटलं, "मंगळाईचा बुरूज नीट बघायचाय." ते लगेच काठी घेऊन निघाले.

महादरवाजा आणि त्याचे दोन बुरूज अजून भक्कम आहेत. मारुतीला नमस्कार करून आम्ही डावी वाट धरली. डाव्या हाताला खाली शहर, उजवीकडे आकाशवाणीचा मनोरा आणि घाणेरीची झुडपं. ताराराणींच्या वाड्याचे अवशेष पाहून वाट मंगळाईच्या देवळाशी संपते. बुरूज त्याच्या समोरच.

वाटेत तट कुठं कमरेइतका, कुठं नुसता दगडांचा ढीग. सांध्यात उंबराची मुळं शिरलीत. घडीव दगडांवर कुणी चुन्यानं नावं रंगवलेली दिसली की जीव तुटतो.

बुरुजावर मामा काठीनं उत्तरेकडं दाखवत म्हणाले, "ते करंजे. औरंगजेबाचा तळ तिथं होता बघ."

डिसेंबर १६९९ मध्ये वेढा पडला. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. शहाजादा आजम पश्चिमेला, पूर्वेला तरबियतखान. वेढा चालू असतानाच, मार्च १७०० मध्ये, राजाराम महाराज सिंहगडावर वारले, तरी गड लढत राहिला. १३ एप्रिलला मोगलांनी सुरुंगाला बत्ती दिली. पहिल्या स्फोटात बुरूज उडाला, आतली माणसं गाडली गेली. प्रयागजीही ढिगाऱ्याखाली सापडले, पण जिवंत निघाले. दुसऱ्या स्फोटानं तट बाहेरच्या अंगाला कोसळला, तो वर चढून येणाऱ्या मोगलांवरच. त्यांची हजाराहून जास्त माणसं तिथं मेली. हे सगळं मी शाळेत पाठ केलं होतं. पण कड्यावर उभं राहून खालचा उतार पाहिला तेव्हा पोटात गोळा आला. त्या उतारावर पळायला जागाच नाही.

पुढं आठवडाभरात दाणागोटा आणि दारूगोळा संपला आणि २१ एप्रिलला गड गेला. बादशहानं नाव ठेवलं आझमतारा. ताराराणींच्या माणसांनी तो परत घेतला, आणि त्यानंतरचं नाव अजिंक्यतारा. मला इतकी वर्षं वाटायचं, कधीच पडला नाही म्हणून हा अजिंक्य. प्रत्यक्षात हे नाव ठेवणाऱ्यांनी हाच तट ढासळलेला पाहिला होता. १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांना राज्याभिषेक झाला तो याच साताऱ्यात, आणि गडाच्या पायथ्याशी पेठा वसल्या.

मामा देवळात घंटा वाजवून आले. मी अजून तटाच्या तुटलेल्या कडेशीच होतो. दगड उन्हानं तापायला लागले होते. "चल, पाणी संपलंय," ते म्हणाले. उतरताना त्यांनी वाटेतला एक सुटा घडीव दगड दोन्ही हातांनी उचलला आणि परत तटाच्या पायाशी नेऊन ठेवला.