हार्बरला बंदर कुठंय?

गावाहून कोणी राहायला आलं की हा प्रश्न ठरलेला. वडाळ्याला मुंबईच्या हार्बर लाइनची लोकल पकडायची, सीएसएमटीपर्यंत खिडकीला नाक लावून बसायचं आणि उतरता उतरता विचारायचं, "हार्बर म्हणजे बंदर ना? मग ते दिसलं कुठं?" परवा तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

बंदर आहे. तुम्ही बसला होतात उजवीकडे, आणि ते डावीकडे. तेही भिंती आणि गोदामांच्या पलीकडे. ही लाइन मुळात आपल्यासाठी नव्हतीच हो! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्ट ट्रस्ट, म्हणजे मुंबई बंदराचा कारभार बघणारी संस्था, शिवडी-माझगावच्या किनाऱ्याला भराव घालत होतं, धान्याचे आणि कापसाचे डेपो तिकडे हलवत होतं. त्याच काळात, १९१० मध्ये, जीआयपी या तेव्हाच्या रेल्वे कंपनीने कुर्ल्याहून रे रोडपर्यंत बंदराच्या बाजूने रूळ टाकले. नाव दिलं हार्बर ब्रँच. १९१५ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्वतःची मालगाड्यांची रेल्वेही वडाळ्यापर्यंत आली. चेंबूरचं तर आणखी मजेदार. कुर्ला-चेंबूर रूळ १९०६ मध्ये टाकले ते शहराचा कचरा वाहायला. माणसं त्यावरून जायला लागली १९२४ मध्ये. चेंबूरच्या माझ्या नणंदेला हे सांगितलं, तर दोन दिवस बोलली नाही.

रे रोडच्या पुढे मात्र गाडी अडली, ती पंधरा वर्षं. पुढे माझगाव, डोंगरी अशी दाट वस्ती. शेवटी लाइन लोखंडी खांबांवर उचलून रस्त्यांच्या डोक्यावरून नेली. म्हणून सँडहर्स्ट रोडला आजही दुमजली कारभार आहे: खाली मेन लाइन, म्हणजे ठाणे-कल्याणकडे जाणारी, वर हार्बर. नवखा माणूस तिथे हमखास चुकीच्या फलाटावर उभा असतो.

आणि मग ३ फेब्रुवारी १९२५. देशातली पहिली विजेची गाडी धावली ती व्हीटी (आताचं सीएसएमटी) ते कुर्ला, पण मेन लाइनवरून नव्हे, आमच्या हार्बरवरून! मेन लाइनवाले आम्हाला कायम गरीब नातेवाइकासारखं वागवतात, "तुमच्याकडे फास्ट लोकलसुद्धा नाही" म्हणून. नाही, खरंय, दोनच रूळ, सगळ्या गाड्या स्लो. पण ही तारीख मी पाठ करून ठेवली आहे.

स्टेशनांच्या नावांत मात्र साहेब ठाण मांडून बसले. रे आणि सँडहर्स्ट हे दोघे मुंबईचे गव्हर्नर. कॉटन ग्रीन मात्र कोणी साहेब नव्हे, आणि त्यातला ग्रीन हिरवाही नव्हे. ग्रीन म्हणजे मोकळं मैदान. कापसाच्या गाठी आधी फोर्टातल्या मैदानात रचत, मग बाजार कुलाब्याला गेला, तिथून इकडे. जागा बदलली, नाव सोबत आलं. गंमत म्हणजे स्टेशनजवळची कापूस बाजाराची इमारत हिरवी रंगवलेली आहे, त्यामुळे माझं कोणी ऐकत नाही. २०२४ मध्ये विधिमंडळाने कॉटन ग्रीनला काळाचौकी, सँडहर्स्ट रोडला डोंगरी आणि डॉकयार्ड रोडला माझगाव म्हणायचा ठराव केला. डोंगरी, माझगाव ठीकच. लोक तसंच म्हणतात. कॉटन ग्रीन गेलं तर मला चुकल्यासारखं होईल.

पाणीच बघायचं असेल तर उलट्या दिशेला पनवेल गाडीत बसा. मानखुर्द सुटलं की ठाण्याची खाडी लागते. १९९२ पासून गाडी त्यावरून वाशीला जाते. पण ती खाडी, बंदर नव्हे. बंदरासाठी पुढच्या वेळी वडाळ्याला चढल्यावर डावीकडची खिडकी धरा. डॉकयार्ड रोडला गाडी उंचावर येते, तिथे घरांच्या मधून माझगाव डॉकच्या क्रेन दिसतात. दुपारचं निघू या. सकाळी खिडकी सोडा, दारात उभं राहायलाही मिळायचं नाही.